ग्रुपसोबत घाटात पळायचं तर

सातारला पळणारी मंडळी आता इतकी झालीत की रविवारी पहाटे साडेपाचला समर्थ मंदिराकडून वर निघालात तर अंधारात तीन-चार वेगवेगळे ग्रुप भेटतात. हिल मॅरेथॉन २०१२ ला सुरू झाली आणि तेव्हापासून यवतेश्वरच्या घाटात बारा महिने कोणी ना कोणी पळत असतंच. जून लागला की नवीन लोकांचे मेसेज सुरू होतात, ताई आम्हाला पण ग्रुपमध्ये यायचंय, काय करावं लागतं? पळायचं कसं, शूज कुठले घ्यायचे, काय खायचं हे सांगणारे व्हिडिओ ढीगभर आहेत, पण दहा-पंधरा माणसांसोबत आणि तेही गावाच्या रस्त्यावर पळायचं कसं हे कोणी बसून सांगत नाही, ते चुका करत करतच कळतं. आमच्या ज्या चुका झाल्या त्या तुमच्या होऊ नयेत म्हणून सगळं एकदाच लिहून काढतेय, जरा लांबेल.

पहिली गोष्ट, येण्याआधी आपला वेग खरा सांगा. साडेसातच्या पेसने, म्हणजे एका किलोमीटरला साडेसात मिनिटं लागत असतील तर साडेसातच सांगा, सहा सांगू नका. लाज वाटण्यासारखं त्यात काहीच नाही, उलट खोटं सांगितलं की तुम्हाला चुकीच्या माणसांसोबत लावलं जातं आणि दुसऱ्या किलोमीटरलाच तुमची दमछाक होते, मग त्यांचाही रन जातो आणि तुमचाही. घड्याळ नसेल, पेस माहीत नसेल तर सरळ तसं सांगा. साधी खूण म्हणजे पळताना शेजारच्याशी आख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, दोन शब्दांवर धाप लागत असेल तर तो तुमचा लाँग रनचा, म्हणजे लांब अंतर पळायचा, वेग नाही. आणि घड्याळातला सपाटीवरचा पेस घाटात चालत नाही, तिथे किलोमीटरला बराच जास्त वेळ लागतो, चांगल्या पळणाऱ्यांनासुद्धा.

दमा, शुगर, बीपी, जुनं गुडघ्याचं दुखणं, जे असेल ते ग्रुपमध्ये निदान एका माणसाला माहीत पाहिजे. सगळ्यांना सांगायची गरज नाही, जो नेहमी येतो त्याला बाजूला घेऊन सांगा. दम्याचा पंप घरी ठेवून येऊ नका. खिशात एक कागद ठेवा, त्यावर नाव, ब्लड ग्रुप आणि घरच्यांचा नंबर, आणि तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला नाहीतर घामाने लगदा होतो. सोबत शंभराची एक नोट.

शनिवारी संध्याकाळी ग्रुपवर हो किंवा नाही टाका. हे छोटं वाटतं, पण पाणी कोण घेणार, गाडी कोणाची, मागे कोण थांबणार हे सगळं त्या आकड्यावर ठरतं. हो म्हणून रात्री झोपलात आणि पहाटे उठलाच नाहीत तर कोपऱ्यावर चौदा माणसं अंगाला वारा लागत उभी असतात, जानेवारीत हे काय असतं ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. रद्द करायचं असेल तर बिनधास्त करा, फक्त सांगा. आणि साडेपाच म्हणजे साडेपाचला निघायचं, त्या वेळेला गाडी लावून लेस बांधायला बसायचं नाही, दहा मिनिटं आधी या. पोट घरीच साफ करून या, घाटात सोय नाही, आणि कुणाच्या घराच्या मागे किंवा शेताच्या बांधावर जाणं म्हणजे त्या माणसाच्या दारात जाणं आहे.

जमण्याची जागा हा माझा जिव्हाळ्याचा विषय. आपण उठलो म्हणून गाव उठलेलं नसतं. गेटसमोर गाडी लावायची नाही, कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल, कुणाला पहाटेची एसटी पकडायची असेल. वॉर्मअप करताना एक-दोन-तीन-चार मोठ्याने मोजायची गरज नसते, निघताना आरोळ्या द्यायच्या असतील तर घरं संपल्यावर द्या. आम्ही सुरुवातीला गोल करून टाळ्या वाजवायचो, एक दिवस समोरच्या घरातल्या आजी बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बाळांनो, रात्रभर यांना खोकला होता, आत्ता कुठे डोळा लागलाय." तेव्हापासून आमचा वॉर्मअप हळू आवाजात होतो. त्या आजी आता कधीकधी दारात उभ्या असतात आणि आज किती जण म्हणून विचारतात.

आता रस्ता. फुटपाथ नसेल तिथे उजव्या बाजूने पळायचं, म्हणजे समोरून येणारी गाडी आपल्याला दिसते. मागून येणारी गाडी दिसत नाही, फक्त ऐकू येते, आणि तीही इलेक्ट्रिक असेल तर ऐकूही येत नाही. पण घाटात हा नियम डोळे झाकून पाळू नका. उजवीकडे वळणारं आंधळं वळण आलं की आपण बरोबर वळणाच्या पोटात असतो आणि खालून किंवा वरून येणारी गाडी त्याच बाजूला चिकटून येते, ड्रायव्हरला आपण दिसतो तेव्हा अंतर उरलेलं नसतं. म्हणून अशा वळणाच्या बरंच आधी, दोन्हीकडे बघून, सगळ्यांनी एकत्र बाहेरच्या बाजूला जायचं आणि वळण संपलं की परत उजवीकडे यायचं. एकेकट्याने मध्येच उडी मारत ओलांडायचं नाही. पुढचा माणूस हात वर करेल, त्याच्या मागे सगळे.

शेजारी शेजारी दोनच, तिसरा नाही. वळणावर आणि गाडी आली की एकामागे एक. पुढच्याला गाडी दिसली की "गाडी!" म्हणून ओरडायचं, मागच्याला ऐकू आली की "मागून!", आणि प्रत्येकाने तो शब्द पुढे किंवा मागे पोचवायचा, नुसतं ऐकून गप्प बसायचं नाही. खड्डा, निसटलेला दगड, सांडलेलं तेल, हेही तसंच. पावसाळ्यात डोंगराच्या कडेने पळू नका, दगड सुटतात.

एकदा आम्ही चौघी गप्पा मारत रस्ता अडवून चाललो होतो, वरच्या गावातून एक दूधवाले दादा मोटरसायकलला दोन्हीकडे कॅन बांधून खाली येत होते. आम्हाला चुकवायला त्यांनी गाडी साईडपट्टीवर घातली, ओल्या मुरमात चाक सरकलं आणि एक कॅन कलंडला. ते पडले नाहीत, पण पांढरं दूध डांबरावरून उताराला वाहत आमच्या शूजपर्यंत आलं, ते चित्र डोळ्यासमोरून हलत नाही. ते दादा काही बोलले नाहीत, झाकण घट्ट केलं आणि निघाले, त्यांना डेअरीची वेळ गाठायची होती. पुढच्या रविवारी आम्ही त्यांना थांबवून पैसे द्यायला गेलो तर घेईनात, बळेच खिशात घातले. मला तेव्हा नीट कळलं की त्या वेळेला रस्त्यावर जी माणसं असतात त्यातले आपण सोडून सगळे कामावर निघालेले असतात. दूधवाले, पेपरवाले, भाजी घेऊन मंडईत जाणाऱ्या मावशी, झाडणारे कर्मचारी. आपण हौसेने आलोय. त्यांना आधी वाट द्यायची, आणि झाडून झालेल्या रस्त्यावर तर काही टाकायचंच नाही.

चालणाऱ्यांच्या बाबतीत. घाटात पहाटे बरेच काका-काकू, आजोबा फिरायला येतात, काहींना ऐकू कमी येतं, काहींना पटकन वळता येत नाही. त्यांच्या अगदी कानामागून धाडधाड दहा जण गेले की माणूस दचकतो, आणि सत्तरीतला माणूस दचकून पडला तर खुब्याचं हाड जातं. लांबूनच आवाज द्या, "काका, उजवीकडून येतोय," वेग कमी करा, एक हात अंतर सोडून जा. गेल्यावर रामराम म्हणा. चार रविवार असं केलं की तेच काका तुम्हाला सांगतात की वर धुकं आहे, जपून जा.

इअरफोन घाटात नको, स्पीकरवर गाणी तर अजिबात नको. थुंकायचं असेल, नाक शिंकरायचं असेल तर आधी मागे बघा, कडेला जा, मग. वाऱ्याची दिशा पण बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी मुळात लिहायला बसले. मागे राहणारा माणूस.

चार वर्षांपूर्वीचा जुलै. धुकं इतकं दाट की दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. एक नवीन मुलगी आली होती, तिचा दुसराच रविवार. वर पोचल्यावर मोजले तर एक कमी. प्रत्येकाला वाटत होतं ती दुसऱ्या कुणाबरोबर आहे. मी आणि एक दादा परत खाली निघालो, दीडेक किलोमीटर खाली ती कठड्याला टेकून उभी होती, एका हाताने पोटरी धरलेली, दुसऱ्या हातात फोन, रेंज नाही, भिजून दात वाजत होते. आम्हाला बघून ती पहिलं काय म्हणाली तर "सॉरी ताई, माझ्यामुळे तुम्हाला परत यावं लागलं." चूक पूर्ण आमची आणि सॉरी ती म्हणतेय. ती त्यानंतर आली नाही. मी दोनदा फोन केला, नीट बोलली, पण आली नाही.

त्या दिवसापासून आम्ही तीन गोष्टी पक्क्या केल्या. निघताना डोकी मोजायची आणि प्रत्येक थांब्यावर परत मोजायची, आकडा मोठ्याने सांगायचा. दुसरं, रोज एक अनुभवी माणूस सगळ्यात शेवटी. मोठ्या शर्यतीत त्याला स्वीपर म्हणतात, आम्ही नुसतं मागचा म्हणतो, "आज मागचा कोण?" हे काम पाळीपाळीने येतं, जो सगळ्यात फास्ट आहे त्यालाही येतं, आणि त्याने ते तोंड वाकडं न करता करायचं. त्या दिवशी आपला रन नाही, आपला रन दुसऱ्या दिवशी. मागच्याने शेवटच्या माणसाच्या पुढे दोन पावलं पळायचं नाही, त्याने माणूस ओढला जातो, बरोबरीने किंवा किंचित मागे राहायचं. आणि सारखं "चला चला, अजून थोडंच" करायचं नाही, किती राहिलंय ते खरं सांगायचं. तिसरं, जे फास्ट आहेत त्यांनी ठरलेल्या वळणापर्यंत जाऊन तिथे उभं न राहता परत खाली शेवटच्या माणसापर्यंत यायचं आणि पुन्हा वर. त्यांचं अंतर जास्त होतं, अंग गार पडत नाही, आणि ग्रुप तुटत नाही.

थांब्यावरची एक गोष्ट कित्येक वर्षं आमच्या लक्षातच आली नव्हती. पुढचे पोचतात, पाणी पितात, पाय ताणतात, फोटो काढतात, पाच मिनिटं आराम होतो, आणि शेवटचा माणूस धापा टाकत पोचला रे पोचला की "आले सगळे, चला!" म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज त्यालाच ती मिळत नाही, आणि असं तीनदा झालं की तो माणूस पुढच्या रविवारी घरी. आता आमचा नियम असा की शेवटचा पोचल्यावर दोन मिनिटं घड्याळ लावून थांबायचं, आणि "निघूया" हा शब्द त्यानेच म्हणायचा.

चढावर पावलं छोटी टाका, नजर पायापुढे दहा-बारा फुटांवर, खांदे सैल. चालावं लागलं तर चाला, अमेरिकेचे जेफ गॅलोवे, जे १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये पळाले होते, त्यांनी पळणं-चालणं मिळून करायची पद्धतच शिकवली. ग्रुपमध्ये चालायचं असेल तेव्हा फक्त हात वर करा आणि कडेला व्हा, मधोमध ब्रेक मारला की मागचा येऊन आदळतो. उतारावर उलट, पाय आपोआप सुटतात आणि सगळ्यांना वारं लागतं, पण गुडघे आणि मांड्यांचा खरा हिशोब उतारावरच होतो. आणि वर चढणारी माणसं समोर असतात, उतरणाऱ्याने वाट द्यायची.

न मागितलेला सल्ला देऊ नका. नवीन माणूस आला की चार जण त्याला टाच कुठे टेकव, हात कसा हलव, भात सोड, पोट कमी कर असं सांगायला लागतात. वजनाबद्दल तर एक शब्द नको, तो माणूस पहाटे साडेचारला उठून आलाय, त्याला त्याचं वजन माहीत आहे. विचारलं तर सांगा, एकच गोष्ट सांगा. बायकांचा फॉर्म, म्हणजे पळायची ढब, दुरुस्त करायला म्हणून हात लावणं, पाठीवर थाप मारणं हे चालणार नाही, आमच्या ग्रुपमध्ये हे पहिल्या दिवशीच सांगतात. नवीन बाई आली तर तिला घरापासून जमण्याच्या जागेपर्यंत अंधारात एकटीने यायचंय का, हे विचारा. डिसेंबर-जानेवारीत सूर्यच सातच्या आसपास उगवतो, साडेपाच म्हणजे रात्रच असते. वाटेवरच्या कुणीतरी सोबत घ्यायचं. फोटो टाकायच्या आधी विचारायचं, आणि कुणाचा रोजचा रस्ता नि वेळ सगळ्या जगाला दिसेल असं काही टाकायचं नाही. स्ट्रावा या पळण्याची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपवर घराजवळचा भाग लपवायची सेटिंग आहे, ती आजच लावून घ्या.

कुत्री. वस्तीजवळ भुंकत अंगावर येतात कारण आपण त्यांच्या हद्दीतून पळत येतो. पूर्ण ग्रुपने पळणं थांबवायचं, एकत्र यायचं, शांत चालत पुढे जायचं, डोळ्यात बघायचं नाही, दगड मारायचा नाही. तुम्ही मारून जाता आणि मागून येणाऱ्या एकट्या माणसावर ती धावतात. चावलंच, नुसता दात लागला तरी, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची.

घाटात माकडं आहेत, हातात केळं घेऊन पळू नका, आणि त्यांना काही खायला घालू नका. केळ्याची सालं, खजुराच्या बिया, एनर्जी जेलची पाकिटं, इलेक्ट्रालची फाडलेली कोपरी, सगळं परत आणायचं. सालं कुजतात हो, पण रस्त्यावर त्यावरून माणूस आणि मोटरसायकल दोन्ही घसरतात. पाण्याची गाडी ज्याची असेल त्याच्या डिकीत एक मोठी पिशवी असतेच, आणि डिझेलचे पैसे त्याने मागायची वाट बघू नका.

कुणाला छातीत दडपण, जबड्याला किंवा हाताला कळ, थंड घाम, किंवा बोलताना गोंधळ असं काही झालं तर तिथेच थांबायचं, बसवायचं, "थोडं पळालास की बरं वाटेल" हे कधीही म्हणायचं नाही. १०८ ला फोन करायचा, रेंज नसेल तर एकाने माणसाजवळ थांबायचं आणि दोघांनी रेंज येईल तिथे जायचं, येणारी गाडी थांबवायची. बाकी सगळ्यांनी गराडा घालायचा नाही.

शर्यतीच्या दिवशीही हेच, फक्त माणसं हजारोंनी. आपली हिल मॅरेथॉन त्याच रस्त्याने वर आणि त्याच रस्त्याने खाली आहे, त्यामुळे अर्ध्या शर्यतीत समोरून लोक येत असतात, आपली बाजू सोडू नका. स्टार्टला आपल्या वेगाप्रमाणे उभे राहा, हळू पळणारे पुढे घुसले की पहिले दोन किलोमीटर सगळे एकमेकांच्या पायात येतात. पाण्याच्या स्टॉलवर पहिल्याच टेबलाशी गर्दी असते, शेवटच्या टेबलाला जा, ग्लास कचऱ्याच्या डब्यात टाका, पाणी देणाऱ्या पोरांना थँक्यू म्हणा, ती तुमच्याही आधी उठून आलेली असतात. दुसऱ्याचा बिब, म्हणजे छातीवरचा नंबर, लावून पळू नका. पडलात तर डॉक्टर त्या नंबरवरून माहिती काढतात, भलत्याच माणसाच्या घरी फोन जातो आणि भलताच ब्लड ग्रुप समोर येतो.

खाली आल्यावर नाश्ता ठरलेला असतो, पोहे नाहीतर मिसळ. घामाच्या कपड्यांनी हॉटेलच्या खुर्चीत बसण्याआधी कोरडा टीशर्ट घाला किंवा खाली टॉवेल टाका, मालकाला ती खुर्ची पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायची असते. पंधरा जणांचं बिल एकाने देऊन टाकायचं आणि मग आठवडाभर वसूल करत बसायचं यापेक्षा जागेवरच वाटून घ्या. आणि जो आज मागचा होता, त्याचा चहा आमच्याकडे ग्रुप देतो.

पुढच्या रविवारी येणार असाल तर शनिवारी आठच्या आत कळवा. हेडलँप नाहीतर लुकलुकणारा लाल दिवा, फिकट रंगाचा टीशर्ट, अर्धा लिटर पाणी, पावसाळा असेल तर डोक्याला टोपी, काखेत आणि मांड्यांना व्हॅसलिन. पहिल्या दिवशी अर्ध्या घाटातूनच परत फिरायचं. तुमच्यासोबत कोणीतरी असेल.